एलन जॉन्सन सर्लीफ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात किंवा मुंबईत ज्यांच्या घरचं कुणी 'बोटीवर' असतं, त्यांना मोनरोव्हिया हे नाव ऐकून माहीत असतं. जगातल्या कितीतरी मालवाहू जहाजांच्या मागच्या अंगाला हेच नाव रंगवलेलं असतं. हे शहर म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाची राजधानी. याच शहरात जन्मलेल्या आणि पुढे देशाच्या राष्ट्राध्यक्ष झालेल्या सर्लीफबाईंबद्दल लोक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, पण ते प्रश्नच तसे आहेत.

सर्लीफ नेमक्या कोण?

29 ऑक्टोबर 1938 रोजी जन्मलेल्या अर्थतज्ज्ञ, बँकर आणि राजकारणी. 16 जानेवारी 2006 ते 22 जानेवारी 2018 अशी बारा वर्षं, सलग दोन कार्यकाळ, त्या लायबेरियाच्या राष्ट्राध्यक्ष होत्या. 2011 सालचं शांततेचं नोबेल तिघींना विभागून मिळालं, त्यांतल्या त्या एक. मायदेशात त्यांना 'मा एलन' म्हणतात, तर बाहेरची वर्तमानपत्रं 'पोलादी स्त्री' म्हणतात. यातलं पहिलं नाव जास्त खरं वाटतं. आईवर जितकं प्रेम करतात तितकंच तिच्यावर चिडतातही, आणि लायबेरियन लोकांनी दोन्ही मनसोक्त केलं.

त्या आफ्रिकेतल्या पहिल्या महिला राष्ट्रप्रमुख होत्या का?

'निवडून आलेल्या पहिल्या' असं म्हणा, म्हणजे चूक होणार नाही. खुद्द लायबेरियातच त्यांच्याआधी रूथ पेरी होत्या. 1996-97 मध्ये यादवी थांबवून निवडणुका घेण्यासाठी जी हंगामी राज्य परिषद नेमली होती, तिच्या त्या अध्यक्ष होत्या. पेरींना नेमलं होतं, सर्लीफ मतपेटीतून आल्या.

अमेरिकेतून येऊन राज्य करणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या कुळातल्या आहेत ना त्या?

हा प्रश्न लायबेरियातही प्रत्येक निवडणुकीत निघायचा. उत्तर 'नाही' असं आहे. पण मुळात हा प्रश्न का पडतो, तेच समजून घेण्यासारखं आहे.

1822 पासून अमेरिकेतले मुक्त कृष्णवर्णीय आणि सुटलेले गुलाम या किनाऱ्यावर येऊन वसू लागले. 26 जुलै 1847 ला त्यांनी स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केलं. राजधानीला मात्र अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स मन्रो यांचं नाव. या वसाहतकऱ्यांना अमेरिको-लायबेरियन म्हणतात. लोकसंख्येत ते मूठभर, पण 1878 पासून 1980 पर्यंत त्यांच्या एकाच पक्षाने, ट्रू व्हिग पक्षाने, सलग राज्य केलं. सोळा मूळ जमाती आणि त्यांच्या डोक्यावर बसलेला हा वर्ग, अशी उतरंड होती. गुलामीतून सुटून आलेल्यांनीच ती रचली.

या उतरंडीत वर चढायची एक वाट होती. गावाकडचा मुलगा मोनरोव्हियातल्या अमेरिको-लायबेरियन घरी ठेवायचा. तिथे तो घरकाम करी, शाळेत जाई आणि त्यांचं आडनाव लावी. सर्लीफबाईंचे वडील असेच वाढले. ते गोला जमातीच्या एका मुखियाचे पुत्र. त्या मुखियाची राष्ट्राध्यक्ष हिलरी जॉन्सन यांच्याशी घसट होती, म्हणून मुलाला जॉन्सन आडनाव मिळालं. पुढे ते वकील झाले आणि कायदेमंडळात निवडून गेले. तिथवर पोचलेले ते मूळ जमातींपैकी पहिले.

आईची गोष्ट त्याहून वेगळी. आजी क्रू जमातीची, बाजारात माल विकणारी. आजोबा जर्मन व्यापारी. पहिल्या महायुद्धात लायबेरियाने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं, तेव्हा जर्मनांना देश सोडावा लागला. आजोबा गेले ते कायमचेच. गोऱ्या रंगाची ती मुलगी एका अमेरिको-लायबेरियन बाईने वाढवली. ती पुढे शिक्षिका आणि धर्मोपदेशक झाली.

म्हणजे सर्लीफबाईंच्या अंगात अमेरिको-लायबेरियन रक्त नाही, पण चालणं-बोलणं, शाळा, आडनाव सगळं त्याच वर्गाचं. विरोधकांनी याचा वापर केला आणि गरज पडेल तेव्हा त्यांनी स्वतःही केला. एकदा तर याच गोष्टीने त्यांचा जीव वाचवला. ते पुढे येईलच.

शिक्षण, संसार?

सतराव्या वर्षी लग्न आणि लागोपाठ चार मुलगे. 1961 मध्ये नवऱ्याबरोबर अमेरिकेत विस्कॉन्सिनला गेल्या, मुलं मागे नातेवाइकांकडे ठेवली. तिथे त्या हिशेबशास्त्र शिकल्या. नवरा हात उगारायचा, एकदा त्याने पिस्तूलही रोखलं, हे त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवलं आहे. अखेर घटस्फोट झाला. आडनाव मात्र तेच राहिलं. 1971 मध्ये हार्वर्डमधून लोकप्रशासनाची पदव्युत्तर पदवी घेऊन त्या परतल्या आणि अर्थखात्यात रुजू झाल्या.

1972 मध्ये मोनरोव्हियातल्या आपल्या जुन्या शाळेच्या पदवीदान समारंभात त्यांनी सरकारचे वाभाडे काढले. सरकारी नोकर असून! नोकरी टिकणं अवघड दिसल्यावर त्या जागतिक बँकेत गेल्या. बोलायचं, मग देश सोडायचा, मग परत यायचं, हा क्रम पुढची तीस वर्षं चालला.

1980 च्या बंडात बाकीच्या मंत्र्यांना गोळ्या घातल्या. त्या कशा वाचल्या?

12 एप्रिल 1980 च्या पहाटे सॅम्युअल डो नावाच्या मास्टर सार्जंटने राष्ट्राध्यक्ष विल्यम टॉल्बर्ट यांना त्यांच्या निवासातच ठार केलं. वर्षभरापूर्वी, 14 एप्रिल 1979 ला, तांदळाच्या पोत्याचा भाव वाढवायच्या प्रस्तावावरून मोनरोव्हियात दंगल झाली होती आणि पोलिसांनी गोळ्या चालवल्या होत्या. लायबेरियन माणसाला रोज भात लागतो. भात महागला की सरकारचं आसन डळमळतं, हे तिथलं जुनं गणित. त्या दंगलीनंतर काही महिन्यांतच सर्लीफ अर्थमंत्री झाल्या, म्हणजे बुडत्या जहाजाचा हिशेब त्यांच्या हाती आला.

बंडानंतर दहा दिवसांनी तेरा मंत्री आणि अधिकाऱ्यांना समुद्रकिनाऱ्यावर खांबांना बांधून गोळ्या घातल्या. वाचलेल्या मोजक्या मंत्र्यांत सर्लीफ होत्या. सरकारी पैशाच्या उधळपट्टीवर त्या उघड बोलल्या होत्या आणि त्यांचे वडील मूळ जमातीचे होते, या दोन गोष्टी उपयोगी पडल्या. शिवाय तिजोरीत काय आहे हे डोला समजावून सांगणारं माणूस हवंच होतं. काही महिने त्यांनी त्याच्या राजवटीत एका बँकेचं काम पाहिलं. मग पुन्हा देश सोडला.

तुरुंगवास कशासाठी भोगला?

1985 मध्ये अमेरिकेतल्या एका भाषणात त्यांनी लायबेरियाच्या सत्ताधाऱ्यांना 'मूर्ख' म्हटलं. परत आल्यावर अटक झाली. राजद्रोहाचा खटला भरून दहा वर्षं सक्तमजुरी ठोठावली. बाहेरून, विशेषतः अमेरिकेकडून, दबाव आल्यावर डोने त्यांना थोड्याच दिवसांत सोडलं. मग त्या सिनेटची निवडणूक लढल्या आणि जिंकल्या. पण सगळी निवडणूकच लबाडीची होती असं म्हणून जागेवर बसल्या नाहीत.

त्याच वर्षी 12 नोव्हेंबरला डोविरुद्ध एक बंड फसलं. सर्लीफ पुन्हा पकडल्या गेल्या. ज्या कोठडीत त्यांना टाकलं, तिथल्या पुरुषांना नेऊन गोळ्या घातल्या. रात्री एक शिपाई आत आला, दुसऱ्याने त्याला हटकलं आणि सर्लीफ यांना विचारलं, तू गोला आहेस म्हणतात, बोलून दाखव. त्या वडिलांच्या भाषेत बोलल्या. तो शिपाईही गोलाच निघाला आणि रात्रभर पहाऱ्याला थांबला. ही हकिकत खुद्द त्यांचीच. मुलीला बापाची भाषा थोडीफार येत होती, त्यावर त्या रात्री सगळं ठरलं. 1986 मध्ये सुटका झाली आणि लवकरच त्या पुन्हा परदेशी गेल्या.

चार्ल्स टेलरला त्यांनी पैसे दिले होते, हे खरं का?

खरं आहे. त्यांच्या चरित्रातला सर्वांत अवघड प्रश्न हाच आणि तो टाळून पुढे जाणाऱ्या लेखावर फार विश्वास ठेवू नये.

24 डिसेंबर 1989 ला टेलरचे बंडखोर निंबा प्रांतात घुसले. डोला हटवायला निघालेला माणूस म्हणून परदेशातल्या अनेक लायबेरियनांनी त्याला पाठिंबा दिला, सर्लीफ त्यांत होत्या. त्यांनी इतरांबरोबर दहा हजार डॉलर जमवून पोचवले आणि टेलरची भेटही घेतली. पुढे टेलरच्या माणसांनी आणि इतर टोळ्यांनी जे केलं, त्यात अडीच लाखांच्या आसपास लोक गेले. हातात बंदुका दिलेली लहान पोरं साऱ्या जगाने पाहिली.

यादवीतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगापुढे 2009 मध्ये त्यांनी हे मान्य केलं, फसले असं म्हणाल्या आणि माफी मागितली. पैसे मदतकार्यासाठी होते, असंही सांगितलं. आयोगाने ज्यांना तीस वर्षं सार्वजनिक पदावर बंदी घालावी म्हणून शिफारस केली, त्या यादीत पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षांचंच नाव होतं! 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिफारस घटनाबाह्य ठरवली. आयोगाच्या बाकीच्या शिफारशी, त्यांत युद्धगुन्ह्यांसाठी विशेष न्यायालयही होतं, सर्लीफ यांच्या काळात धूळ खात पडल्या. ते केवळ योगायोगाने झालं असं मला वाटत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 1997 च्या निवडणुकीत त्या टेलरविरुद्ध उभ्या राहिल्या आणि साधारण दहा टक्के मतं मिळवून हरल्या. टेलर पाऊणशे टक्के मतं मिळवून राष्ट्राध्यक्ष झाला. 'त्याने माझ्या आईला मारलं, बापाला मारलं, तरी मत त्यालाच' अशी घोषणा तेव्हा रस्त्यावर होती, कारण हरला तर हा पुन्हा जंगलात जाऊन बंदूक उचलेल अशी लोकांना धास्ती होती. आणि 2006 मध्ये, गादीवर येऊन तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा सर्लीफ यांनीच, नायजेरियात आश्रयाला असलेल्या टेलरची त्या देशाकडे मागणी केली. तो आश्रयाच्या ठिकाणाहून पळाला, कॅमेरूनच्या सीमेवर सापडला, विमानाने मोनरोव्हियाला आणून तिथूनच सिएरा लिओनच्या विशेष न्यायालयाकडे सोपवला गेला. 2012 मध्ये त्याला 50 वर्षांची शिक्षा झाली. पण सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांसाठी. लायबेरियात केलेल्यांसाठी नव्हे.

जॉर्ज वेआसारख्या फुटबॉलपटूला त्यांनी हरवलं कसं?

2005 मध्ये वेआ म्हणजे देशाचा देव होता. एसी मिलानचा खेळाडू, 1995 चा बॅलन डी'ऑर (सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार) विजेता, झोपडपट्टीतून वर आलेला. तरुण पोरं, त्यांत हत्यारं टाकलेले माजी सैनिकही, त्याच्यामागे होते. सर्लीफ 66 वर्षांच्या, हार्वर्डवाल्या. हिला 'पुस्तक' येतं, म्हणजे ही शिकलेली, त्याला येत नाही, असं म्हटलं की वेआचे समर्थक उसळून म्हणायचे, येवो न येवो, मत त्यालाच!

पहिल्या फेरीत वेआला 28 टक्के, सर्लीफ यांना जवळपास 20 टक्के. 8 नोव्हेंबरच्या दुसऱ्या फेरीत सर्लीफ 59 टक्क्यांवर पोचल्या. बदल घडवला तो मुख्यतः बायकांनी. बाजारात मिरची, मासे, कसावा विकणाऱ्या बायकांनी शेजारणींना नोंदणीला नेलं आणि मतदानाला रांगेत उभं केलं. सगळ्या पुरुषांनी देश बुडवला, आता एका बाईला संधी देऊन पाहू, हा प्रचाराचा सूर होता. दोन वर्षांपूर्वी लेमा ग्बोवी यांच्या पुढाकाराने पांढरे टी-शर्ट घालून मासळीबाजाराजवळच्या मैदानात उन्हापावसात बसून शांतता मागणाऱ्या बायकाही यांतल्याच. तो पाया घातलेला नसता तर सर्लीफ निवडून आल्या नसत्या.

सत्तेवर आल्यावर पहिलं काय केलं?

दिवे लावले. हे अलंकारिक नाही. 1990 पासून मोनरोव्हियात सार्वजनिक वीज नव्हती, माउंट कॉफीचं जलविद्युत केंद्र युद्धात उद्ध्वस्त झालं होतं. सहा महिन्यांत काही रस्त्यांवर दिवे लावू, असं त्यांनी सांगितलं होतं. 26 जुलै 2006 ला, स्वातंत्र्यदिनी, पाहुणे राष्ट्रप्रमुख हजर असताना ते लागले. आणि त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांच्या सरकारी इमारतीला आग लागली. पुढे त्यांनी कारभार परराष्ट्र खात्याच्या इमारतीतूनच केला. माउंट कॉफी पुन्हा सुरू व्हायला मात्र डिसेंबर 2016 उजाडला.

खरं मोठं काम कर्जाचं. त्या आल्या तेव्हा सरकारचं वार्षिक अंदाजपत्रक सुमारे 8 कोटी डॉलरचं आणि डोक्यावर परदेशी कर्ज साडेचार अब्ज डॉलरहून जास्त. जून 2010 पर्यंत त्यातलं बहुतेक माफ करून घेतलं. जागतिक बँक, सिटीबँक आणि संयुक्त राष्ट्रं अशा सगळीकडे नोकरी केलेल्या बाईला कुणाशी कसं बोलायचं हे ठाऊक होतं. लाकूड आणि हिऱ्यांवरचे संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध उठवून घेतले. फायरस्टोनचा रबराचा आणि मित्तल स्टीलचा लोहखनिजाचा, असे दोन्ही मोठे करार पुन्हा वाटाघाटी करून देशाच्या जास्त फायद्याचे केले. मुली शाळेत येऊ लागल्या. पण शाळेत शिकवलं काय जातं, हा प्रश्न उरला. 2013 मध्ये लायबेरिया विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला सुमारे 25 हजार मुलं बसली आणि एकही उत्तीर्ण झालं नाही.

मुलांना पदं दिल्याचा आरोप खरा का?

पदं दिली, हे तर जाहीरच आहे. रॉबर्ट राष्ट्रीय तेल कंपनीच्या अध्यक्षपदी, चार्ल्स मध्यवर्ती बँकेचे डेप्युटी गव्हर्नर, सावत्र मुलगा फुम्बा राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे प्रमुख. तेल, पैसा आणि हेरखातं, तिन्ही घरात. बाईंचं उत्तर असं की ती माणसं लायक होती आणि विश्वासू माणसं मिळत नव्हती. हे उत्तर आपल्याकडे कुठल्याही साखर कारखान्याच्या सभेत ऐकायला मिळेल.

मालमत्ता जाहीर केली नाही म्हणून 2012 मध्ये त्यांनी 46 अधिकाऱ्यांना निलंबित केलं, त्यांत चार्ल्सही होते. हे त्यांच्या बाजूने मांडता येईल. पण भ्रष्टाचाराला पहिल्याच भाषणात देशाचा शत्रू म्हणणाऱ्या राष्ट्राध्यक्षांच्या काळात, सरकार मागच्यापेक्षा तिप्पट भ्रष्ट आहे असं म्हणणारे महालेखापरीक्षक जॉन मोर्लू यांना 2011 मध्ये मुदतवाढ मिळाली नाही, हेही लक्षात ठेवावं लागतं.

नोबेलवरून वाद का झाला?

तारखांमुळे. नोबेल 7 ऑक्टोबर 2011 ला जाहीर झालं आणि राष्ट्राध्यक्षपदाचं मतदान 11 ऑक्टोबरला. शिवाय 2005 मध्ये त्यांनी एकच कार्यकाळ घेईन असं सांगितलं होतं. दुसऱ्या फेरीवर विरोधी उमेदवार विन्स्टन टबमन यांनी बहिष्कार टाकला आणि सर्लीफ 90 टक्क्यांहून जास्त मतांनी जिंकल्या. असा विजय कुणाला मिरवावासा वाटणार? वर्षभरात, नोबेल वाटून घेतलेल्या ग्बोवी यांनीच भ्रष्टाचार आणि घराणेशाहीवर जाहीर टीका करत राष्ट्रीय समेट उपक्रमाचं प्रमुखपद सोडलं.

इबोलाच्या साथीत त्यांचं काय चुकलं?

2014 च्या साथीत लायबेरियात 10 हजारांहून जास्त रुग्ण आणि 4,800 च्या वर मृत्यू नोंदले गेले. 20 ऑगस्टला सरकारने वेस्ट पॉइंट ही मोनरोव्हियाची समुद्रात घुसलेली दाट झोपडवस्ती रातोरात सील केली. लोक भडकले, सैनिकांनी गोळ्या झाडल्या, एक किशोरवयीन मुलगा मेला. दहा दिवसांत नाकाबंदी उठवावी लागली आणि सर्लीफ यांनी नंतर ती चूक होती असं कबूल केलं. साथ खरी आटोक्यात आली ती वस्त्यांतल्या लोकांनी स्वतः घरोघरी जाऊन रुग्ण शोधायला सुरुवात केल्यावर.

प्रेतांचा प्रश्न आणखी वाईट होता. लायबेरियात दफन करतात आणि मार्चमधल्या दुसऱ्या बुधवारी सारं गाव कबरी साफ करून रंगवायला जातं. सरकारने मोनरोव्हियात दहन सक्तीचं केलं. पण दहन करायचं कुठे? शहराबाहेर तिथल्या भारतीय समाजाने आपल्या लोकांसाठी बांधलेलं एक स्मशान होतं. इबोलाने गेलेल्यांना तिथे नेलं. ज्यांची माणसं तिथे जळाली, त्यांना पुढच्या मार्चमध्ये रंगवायला कबरच नव्हती.

भारताशी त्यांचा काही संबंध?

आहे, आणि तो रोजचा होता. जानेवारी 2007 मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या शंभराहून अधिक महिलांची तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत लायबेरियात पोचली. फक्त महिलांची अशी ही संयुक्त राष्ट्रांची पहिलीच पोलीस तुकडी. त्या जिथे पहारा देत, त्याच परराष्ट्र खात्याच्या इमारतीत राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय होतं. तुकड्या बदलत 2016 पर्यंत हे चाललं. त्या काळात लायबेरियाच्या सुरक्षा दलांतलं महिलांचं प्रमाण 6 टक्क्यांवरून 17 टक्क्यांवर गेलं, याचं श्रेय सर्लीफ यांनी या भारतीय बायकांना दिलं. 2012 सालचा इंदिरा गांधी शांतता पुरस्कारही त्यांना मिळाला आणि तो घ्यायला त्या 2013 मध्ये दिल्लीला आल्या होत्या.

आणि ती जहाजं?

ती लायबेरियाची नसतात, फक्त झेंडा लायबेरियाचा. 1948 पासून चालत आलेली ही नोंदणी अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून चालवली जाते, शुल्काचा वाटा लायबेरियाला मिळतो. टेलरच्या काळात सरकारच्या हक्काच्या उत्पन्नात हे मोठं होतं.

स्वतःच्याच पक्षाने त्यांना का काढलं?

2017 मध्ये युनिटी पक्षाचे उमेदवार होते जोसेफ बोआकाई, बारा वर्षं त्यांचेच उपराष्ट्राध्यक्ष. सर्लीफ त्यांच्या प्रचारात मनापासून उतरल्या नाहीत, आतून वेआला मदत केली, असा पक्षाचा आरोप होता. त्यांनी तो नाकारला. जानेवारी 2018 मध्ये पक्षाने त्यांची हकालपट्टी केली, तीही त्या अजून राष्ट्राध्यक्ष असताना. त्याच महिन्यात वेआने शपथ घेतली. निवडून आलेल्या एका राष्ट्राध्यक्षाने निवडून आलेल्या दुसऱ्याच्या हाती शांतपणे कारभार देणं हे लायबेरियात 1944 नंतर प्रथमच घडलं. याच गोष्टीसाठी त्यांना 50 लाख डॉलरचा मो इब्राहिम पुरस्कार मिळाला.

त्यानंतर त्या काय करतात, आणि देशाचं काय झालं?

2020-21 मध्ये न्यूझीलंडच्या माजी पंतप्रधान हेलन क्लार्क यांच्यासह त्यांनी कोविडच्या जागतिक हाताळणीची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र मंडळाचं सहअध्यक्षपद सांभाळलं. सार्वजनिक जीवनात येणाऱ्या आफ्रिकी महिलांसाठी त्यांनी एक केंद्र काढलं आहे.

देशात 2023 मध्ये वेआ आणि बोआकाई पुन्हा समोरासमोर आले. या वेळी 78 वर्षांचे बोआकाई एका टक्क्याच्या आसपास फरकाने जिंकले. सगळी मोजणी संपायच्या आधीच वेआने रेडिओवरून हार मान्य केली. मे 2024 मध्ये बोआकाईंनी युद्धगुन्ह्यांच्या न्यायालयासाठी कार्यालय उघडण्याचा आदेश काढला. सर्लीफ यांच्या टेबलावर बारा वर्षांत ज्या कागदावर सही झाली नाही, तोच हा कागद.